मुठीतल्या अक्षता

माझ्या नणंदबाई गेल्या त्याला महिना होत आला. देवासहून त्यांची पुस्तकांची पेटी आली आहे. ती उघडायला हात होत नाही, म्हणून आधी हे लिहिते. मी त्यांना वन्सं म्हणत असे, त्या मला वहिनी. वयाने आम्ही सारख्याच होतो.

तेव्हा आम्ही माळव्यात धारेस राहत होतो. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेल्या वन्सं. त्यांचे सासर सरदारपूरचे. जावेच्या बाळंतपणांना तिथे माणूस हवे होते आणि दिवाळी झाली की गाडी पाठवतो, असा निरोप आला होता. यजमानांनी एक वाट काढली. देवासच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरीणबाई हवी होती. वन्सं परीक्षा पास झाल्या तर जागा त्यांना मिळणार होती. नाही झाल्या तर सरदारपूर, असा शब्द यजमानांनी तिकडे दिला. तिथे जायचे नाही, हे वन्सं एकदाच बोलल्या, पीठ चाळता चाळता, आणि मग पुस्तक उघडून बसल्या.

गणित, भूगोल त्यांना येत होते. अडले ते साहित्यात. त्यात अलंकार, रस, संविधानक म्हणजे कथानक, आणि मासिकातल्या काही छोट्या गोष्टी होत्या. मला माहेरी वडिलांनी शिकवले होते, म्हणून उजळणी घ्यायचे काम माझ्याकडे आले. ती चुलीपाशी चाले. अलंकारांना उदाहरणे शोधावी लागली नाहीत. सासूबाई बोलत आणि आम्ही ओळखत असू. "हे घर नव्हे, धर्मशाळा आहे," असे त्या ओसरीवरून म्हणाल्या की वन्सं भाकरी थापत पुटपुटत, "अपन्हुती." हजारदा सांगितलं म्हणाल्या की अतिशयोक्ती. एकदा माझ्यावर रागावून सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यासारखी तूच गं बाई." आम्ही दोघी एकदमच "अनन्वय" म्हणालो आणि पदरात तोंड लपवून हसलो. सासूबाईंना वाटले, पोरी स्तोत्र म्हणताहेत.

गोष्टींचे मात्र निराळे झाले. श्रावणातल्या एका शुक्रवारी वन्सं मोठ्याने वाचत होत्या. गोष्ट आहे असे कळताच सासूबाई हात धुऊन, मुठीत अक्षता घेऊन समोर येऊन बसल्या. व्रताची कहाणी तशीच ऐकायची त्यांची रीत. कहाणी पुरी झाली की अक्षता देवापुढे वाहायच्या आणि उठायचे. या गोष्टीत एक बाई परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते. तिन्हीसांजेला लांबून गाडीच्या घुंगरांचा आवाज येतो, ती कंदील घेऊन दारात येते, आणि तिथेच गोष्ट संपते.

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"संपली, आई."

"संपली कशी? गाडीत कोण होतं?"

लेखकाने ते लिहिलेलेच नाही, हे त्यांना पटेना. अर्ध्या कहाणीवर अक्षता खाली ठेवणे घराला बरे नाही, म्हणून त्या उठेनात. स्वयंपाक खोळंबला. शेवटी वन्संनी पदरचे सांगत गाडी दारापर्यंत आणली, नवऱ्याला उतरवले, पाय धुवायला पाणी दिले. जेवायला काय केलं होतं, हेही सासूबाईंना हवे होते. वन्संनी दाल-बाफले केले, कणकेचे गोळे उकडून भाजले, वर तूप सोडले, तेव्हा कुठे मूठ सुटली. पुढे प्रत्येक गोष्टीला असा शेवट जोडावा लागला, आणि पाठांतर त्याच्यासकट झाले.

परीक्षा इंदुरास होती. तोंडी परीक्षेच्या वेळी मी बाहेर ओट्यावर बसले होते. आत काय झाले ते वन्संनी परतीच्या टांग्यात सांगितले. परीक्षक पुण्याकडचे, वयस्क गृहस्थ. त्यांनी नेमकी तीच गोष्ट विचारली. वन्संनी संविधानक नीट सांगितले आणि त्याच ओघात गाडी दारात आणून नवऱ्याला जेवायलाही वाढले. परीक्षकांनी शांतपणे विचारले की बाफले म्हणजे काय, आणि ते या गोष्टीत कोठे आहेत. वन्संनी सासूबाईंचे सगळे खरे सांगून टाकले. ते ऐकून परीक्षक म्हणाले, मग लेखकाने गाडी दारात का आणली नसेल?

"मी म्हटलं, ऐकणाऱ्याच्या मुठीत अक्षता राहाव्यात म्हणून," वन्सं मला म्हणाल्या. "बरोबर की चूक, काही बोलले नाहीत. लिहून घेतलं आणि जा म्हणाले. वहिनी, बाफल्यांनी घात केला."

घरी सासूबाई परीक्षकांवरच रागावल्या. पाहुण्याला उपाशी निजवायचं होतं की काय, असे त्या विचारत राहिल्या.

दिवाळी झाली. निकाल आला नाही, गाडी आली. वन्संचे दीर स्वतः आले होते. यजमान कचेरीत गेलेले. वन्संनी आशा सोडली होती. त्या आत लुगड्यांच्या घड्या घालू लागल्या. सासूबाई ओसरीवर आल्या. माळव्यात जन्म गेल्याने आल्यागेल्याला त्या भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. "बसा भिया, पाणी घ्या. पण तिला आज न्यायची नाही."

दिरांनी घरच्या अडचणी सांगितल्या, दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. परीक्षा तर झाली ना, असेही म्हणाले.

"झाली. निकाल यायचाय," सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्यावर मी आजवर कधी उठले नाही."

आणि त्या उंबऱ्याशी बसून राहिल्या. उजवी मूठ मिटलेली होती. तिच्यात काही होते की नाही, मला दिसले नाही. उन्हे कलल्यावर गाडी रिकामीच परत गेली.

निकाल मार्गशीर्षात आला. साहित्यात जेमतेम, पण पास. वन्सं देवासला गेल्या त्या तिथल्याच झाल्या. परवा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती म्हणाली, बाई गोष्ट वाचायच्या आधी प्रत्येकीच्या हातावर चार तांदूळ ठेवायच्या, आणि वाचून झाल्यावर विचारायच्या, कुणाची मूठ सुटली, कुणाची नाही.

उद्या पेटी उघडीन. ते मासिक त्यांनी टाकले नसणार. देवापुढच्या अक्षतांच्या वाटीतले चार दाणे घेऊन बसेन आणि ती गोष्ट छापल्याप्रमाणे वाचीन, दारातल्या कंदिलापर्यंत.