पाठमोरी करवली

प्रिय तन्वी आणि ओंकार,

आमच्या लग्नाचा फोटो तुम्ही मोठा करून तिकडे दिवाणखान्यात लावलात, तो परवा मी फोनवर पाहिला. छान झाला आहे. फक्त माझ्या डाव्या हाताला एक बाई उभी होती, ती त्यात नाही. विचारलं तर तन्वी म्हणाली, "अगं आजी, ती पाठमोरी होती. फोटो बिघडत होता, म्हणून कापली." खरं सांगते, ऐकून मला आधी बरंच वाटलं. त्या बाईला कापून कुणी मला ठेवलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पण दोन दिवस ते मनातून जाईना. तुम्ही कुणाला कापलंत ते तुम्हाला कळायला हवं, आणि सांगू शकेल असं माझ्याशिवाय इथे पनवेलमध्ये आता कुणी उरलेलं नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

तिचं नाव यमुना. गव्हाणची, मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातली. तिची आई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. गावात तिला भटजीचा मान. यमुना शिकायला पनवेलला मावशीकडे राहिली आणि माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर आली. पहिल्या दिवशी ती बसेचना. आधी खिडकीकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग मला म्हणाली, "तू तिकडं सरक गो. मी इथं बसतंय."

"का?"

"उजेड कुठशी येते त्ये आदी बगाचं. मग बसाचं."

तिची ही सवय मिठागरावरची. उन्हाळ्यात मिठाच्या राशी अशा तळपतात की तोंड कुठे करायचं हे न कळणाऱ्याचे डोळे जातात, असं ती सांगायची. मला मात्र एवढंच दिसायचं, की ती जिथे बसे तिथे तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर खिडकीतलं ऊन यायचं आणि बाईंची नजर पाठ म्हणणाऱ्या माझ्यावरून सरकत तिच्यावर जाऊन थांबायची. मी वर्गात पहिली, ती कशीबशी पास. तरी जत्रेत, हळदीकुंकवात, शाळेच्या संमेलनात लोक विचारत, "ती कोण हो तुमच्याबरोबरची?" संमेलनाच्या नाटकात मी राणी होते. पानभर स्वगत तोंडपाठ. यमुना चवरी ढाळणारी दासी, तिला एकही वाक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी अख्खं पनवेल दासीबद्दल बोलत होतं. मत्सर म्हणजे काय, ते मी पुस्तकातून नाही शिकले.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी मुंबईची एक सिनेमा कंपनी खाडीकाठी चित्रण करायला आली. शाळेतल्या आम्ही चौघीजणी बघायला गेलो. दिग्दर्शक सुटाबुटातले होते. मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलले, न अडखळता. ते "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत राहिले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले. मागे यमुना होडीच्या कडेला टेकून बोरं खात होती. अर्थातच तोंड नेमकं हवं तिकडे करून.

कंपनीने तिला सिनेमात मागितलं, तेव्हा तिच्या आईने गावकीसमोर एकच अट घातली. "कुनाचे बी लग्नाला बोलावना आला का पोर परत आली पायजे. पडद्यावर नाचो, नाय तर झाडावर चढो." मग उलव्याच्या बंदरावरून यमुना बोटीने मुंबईला गेली. कंपनीने तिचं नाव बदलून हेमकला ठेवलं. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा मला म्हणाली, "हेम म्हंजे सोना ना गो? आमचे घरात आजवर मीठच व्हता." आणि खदखदून हसली. मी हसले नाही. मी तेव्हा कॉलेजात शेक्सपिअर वाचत होते आणि पनवेलच्या तंबूतल्या सिनेमाबाहेर तिचा माझ्या दुप्पट उंचीचा चेहरा रंगवलेला होता.

तीनचार वर्षांत ती नायिका झाली. हिंदी तिला येत नव्हतं, पण ऐकलेलं ती जसंच्या तसं म्हणायची. आईच्या मागे बसून धवले पाठ केलेली पोर ती. माझ्याकडे यायची तेव्हा मात्र तीच भाषा, तेच जमिनीवर फतकल मारून बसणं, तेच टोमणे. "तुजी साडी चांगली हाय गो. अशी आमचे सिनेमात हिरोची आई नेसते."

आता मुख्य गोष्ट. तुमचे आजोबा मला पाहायला आले. कांदेपोहे झाले, माझी बी. ए.ची पदवी सांगून झाली. त्यांच्या वडलांनी "काही विचारायचं असेल तर विचार" म्हटल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "ती हेमकला तुमच्या वर्गात होती, असं ऐकलं. खरं का?" मला पाहायला आलेल्या माणसाचा मला पहिला प्रश्न हा होता. तिचे सगळे सिनेमे त्यांनी पाहिले होते, काही दोनदा. मी "हो" म्हटलं आणि आत जाऊन स्वयंपाकघराचं दार धाडकन लावलं.

लग्न ठरलं. मला सख्खी बहीण नाही. शाळेत असताना कधीतरी आईसमोर ठरून गेलं होतं, की माझ्या लग्नात यमुना करवली होईल, माझ्यामागे करादिवा घेऊन उभी राहील. आई ते विसरली नव्हती. मी म्हटलं, "तिला वेळ कुठला, राहू दे." आत्या म्हणाली, "आगऱ्याची पोर करवली? आणि तीही सिनेमावाली?" आई दोघींना एकदमच म्हणाली, "शब्द दिलाय. ती येईल, आणि दिवा तीच धरेल." मला जातीचं काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की आयुष्यातला तो एक दिवस लोकांनी माझ्याकडे बघावं. निदान एका माणसाने तरी.

ती आली. धवलारणीची लेक, लग्नाचं बोलावणं कसं चुकवेल! साधी हिरवी नऊवारी, गळ्यात आईची पोत. आणि बघता बघता आमच्या मांडवाला जत्रेचं रूप आलं. कुंपणावर पोरं, समोरच्या कौलांवर बाप्ये. भटजींनी एक मंगलाष्टक दोनदा म्हटलं. अक्षता टाकणाऱ्यांचा नेम असा चुकत होता, की माझ्या डोक्यावर चार दाणे आणि तिच्या खांद्यावर पसाभर तांदूळ. अंतरपाट दूर झाला तेव्हा तुमचे आजोबा कुणाकडे बघत होते? ते शेवटपर्यंत म्हणत, "तुझ्याकडेच." मी खाली मान घातली होती, त्यामुळे पुरावा नाही.

मग फोटो. फोटोग्राफरने तीन पायांचा कॅमेरा उभा केला, काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, "हेमकलाबाई, जरा पुढे या! अजून थोडं!" कॅमेऱ्याचं तोंडही त्याने तिच्याकडे वळवलं. मला वाटलं, झालं, आता फोटोही गेला.

यमुनाने दिवा खाली ठेवला. मांडवाकडे एकदा पाहिलं आणि आमच्या गड्याला म्हणाली, "दादा, त्यो पडदा वर कर. त्यो नाय, मावलतीचा." संध्याकाळचं ऊन आत आलं. तिने माझे खांदे धरून मला अर्ध्या पावलाने वळवलं, एका बोटाने हनुवटी वर केली. "आता हलू नको. नवऱ्याकडं बग. माज्याकडं कशाला बगतं, मी काय तुला मंगलसूत्र घातला?" आणि स्वतः माझ्या डावीकडे, उजेडाकडे पाठ करून, तोंड माझ्याकडे वळवून उभी राहिली.

"बाई, तुमचा चेहरा येत नाही," फोटोग्राफर काकुळतीला आला.

"माजा चेरा रोज येतो. तुमी नवरीचा काडा."

मला तेव्हा रागच आला. माझ्या लग्नातही हीच हुकूम सोडणार, असं वाटलं.

वर्षं गेली. तुमची आई, मामा झाले. यमुनाने लग्न केलं नाही. नायिकेची ती नायिकेची मैत्रीण झाली, मग वहिनी, आणि पस्तिशीच्या आत आई, तीही तिच्याहून वयाने मोठ्या नायकाची. मला म्हणाली, "मना म्हातारी कराला पावडर लागते. तुला तशीच होता येल." एकदा आजोबांनी हौसेने तिचा नवा सिनेमा दाखवायला नेलं. बागेतला प्रसंग होता. नवी नायिका उजेडात हसत होती आणि पडद्याच्या कडेला एक बाई पाठमोरी, तोंड तिच्याकडे वळवून उभी होती. ती उभं राहण्याची तऱ्हा मी ओळखली. आमच्या भिंतीवरच तर होती.

पुढच्या खेपेला ती घरी आली तेव्हा मी फोटोखाली उभी राहून विचारलं, "यमुना, हे तू मुद्दाम केलंस?"

"मंग काय चुकून? दोगींना एक उजेड पुरत नाय गो. एकीनं पाठ कराची." मग चहाची बशी तोंडाला लावत म्हणाली, "आता पैसं घेऊन पाठमोरी उबी रतंय. तुज्या लग्नात फुकट रयली, इतकाच."

त्यानंतर वर्षाच्या आत ती मुंबईच्या इस्पितळात वारली. कावीळ झाली होती. तिला गव्हाणला आणलं तेव्हा आम्ही दोघं गेलो. आजोबा रडले. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि तशा वेळीही मनात आलं, की माझ्यासाठी हे असे रडतील का? आता हे विचारायची सोय राहिली नाही.

तुमच्याकडे येणारे लोक फोटो बघून म्हणतात ना, "आजी काय सुंदर होती"? आजी सुंदर नव्हती. तो उजेड यमुनाने लावला होता. माझ्या आयुष्यातला एकुलता एक देखणा फोटो, आणि तोही तिच्याच हातचा! या वयातही मला त्याचा हेवा वाटतो.

तिची कंपनी बुडाली. तिचा एकही सिनेमा आता कुठे मिळत नाही. ओंकार, हवं तर शोधून पाहा. हा फोटो तेवढा उरला आहे. मूळ प्रत माझ्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीवर, मावळतीचं ऊन पडतं तिथे, न कापलेली आहे.

तुमची,
आजी