सत्कारात गेलेलं गाणं

कंपू भागातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलं, त्यानंतर दादानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. गणपतीत आमच्या मंडळानं आम्हा दोघांचा जुना लाडका बँड बोलावला होता. कॉलेजात आम्ही दोघा भावंडांनी त्याची कॅसेट इतकी वाजवली होती, की टेप बाहेर यायची आणि पेन्सिल घालून फिरवत बसावं लागायचं. तिच्यातलं शेवटचं, संथ गाणं दादाला एकदा समोर बसून ऐकायचं होतं. "बस, एवढंच गं. फिर चलते हैं," म्हणाला. असलं काही बोलला की त्याला एक ठेवून द्यावीशी वाटायची, आणि रडूही यायचं.

नेलं त्याला. व्हीलचेअर पहिल्या रांगेत लावली.

आणि मग आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी आपला खाक्या दाखवला. सत्कार! इथे दोन टाळकी जमली की तिसऱ्याला शाल-श्रीफळ. देणगीदारांचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सौभाग्यवतींची ओटी. बँडवाले बिचारे, टकलं पडलेले, पोटं सुटलेले, गळ्यात गिटार अडकवून कडेला ताटकळत उभे. मी नुसती धुमसत होते. दहाला स्पीकर बंद करावे लागतात, हे काय या लोकांना ठाऊक नाही?

एकदाचे सुरू झाले. गायकाचा आवाज पार बसलेला. वरचा सूर आला की माईक लोकांपुढे धरायचा. दादाला त्याचं काही नव्हतं, त्याचे ओठ हलत होते. दोन गाणी झाली आणि मंडळाचे चिटणीस पुन्हा स्टेजवर! आता सत्कार कुणाचा, तर मंडळाचे जुने कार्यकर्ते म्हणून दादाचाच. पोरांनी त्याला खुर्चीसकट वर नेलं. भाषण सुरू झालं. किती उमदे होते, पेटी काय वाजवायचे, किती हसवायचे. अहो, माणूस समोर बसलाय! दादा आपला अंगावर शाल, मांडीवर नारळ घेऊन, हात जोडून ऐकत होता. कुणाला "पुरे" म्हणणं त्याला उभ्या जन्मात जमलं नाही.

भाषण संपलं. गिटारवर ते सूर लागले. दादानं झटकन मान वर केली. पहिली ओळ पुरी होते न होते तोच माईक बंद. दहा वाजले होते, गेटवर पोलीस येऊन उभा होता. गायकाचं तोंड क्षणभर तसंच हलत राहिलं, मग त्यानं सगळ्यांना नमस्कार केला.

मी चिटणिसांना नाही नाही ते बोलले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. प्रेमानंच केलं होतं हो त्यांनी, हेच तर मेलं वाईट. ते दादापुढे वाकले. "दादा, पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तुमचं गाणं. एकदम पक्कं!"

मी तोंड उघडलं. दादानं माझा हात गच्च दाबून धरला.

"हो हो, जरूर," तो त्यांना हसून म्हणाला.