रिकाम्या पाळण्याचं चित्र

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका संग्रहालयाने मला, म्हणजे रत्नागिरीच्या एका साध्या ड्रॉइंगमास्तराला, कोकणातल्या जुन्या घरगुती वस्तू जलरंगात उतरवायचं काम दिलं. समया, विळ्या, पानाचे डबे रंगवत मी केळशीला पोचलो. तिथे एका घरी लाखेच्या रंगांचा पाळणा होता. दांड्या अशा कातलेल्या, की विश्वकर्म्याने बघून रंधा विकायला काढला असता.

घरची म्हातारी मात्र जहाल. तिने ओरडून हाक मारली की खाडीतली होडकी आपसूक नांगर टाकत. सून दिवस भरत आलेली, त्यामुळे म्हातारीचा पारा आणखी वर.

मागची नक्षी बघायला मी पाळण्याला बोट लावलं. तो झुलला.

"मेल्या, रिकामा पाळणा हलवतोस? पोराच्या पोटात दुखतं!"

"काकू, पोर अजून जन्मलंय कुठे?"

"म्हणून काय त्याला पोट नाही?"

मी पाळणा धरून थांबवला आणि ब्रश भिजवला.

दुपारी चित्र संपलं. कागद बघताच तिने माझ्या चपला कुंपणाच्या गडग्यापलीकडे भिरकावल्या. एक म्हणे पार हर्णैच्या बंदरात सापडली.

"माझी सून अशी अवघडलेली, आणि तू आमचा पाळणा मुंबईच्या भिंतीवर जन्मभर रिकामा टांगणार? वरवंटा घाल त्यात!" बारशाला बाळाच्या आधी टोपडं घालून पाळण्यात निजवतात, तो वरवंटा.

"संग्रहालयाला आहे तसंच हवंय, काकू."

"मग फाडते." तिने कागदाचा कोपरा धरलासुद्धा.

सून दारातून हळूच म्हणाली, "घाला हो मास्तर. मलाही बरं वाटेल."

मी दात खात बसलो. पाळण्यातल्या सावलीत काळा दगड सहज बसला. पांढऱ्या टोपड्यासाठी ब्लेडने रंग खरवडावा लागला. आणि सूड म्हणून वरवंट्याला मी म्हातारीचा चेहरा दिला. तेच पोपटाच्या चोचीसारखं नाक, कपाळावरच्या त्याच आठ्या.

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. मी अनवाणी पळायच्या तयारीत.

"नाक आमच्याच घराण्याचं आलंय गो," ती सुनेला म्हणाली. सून पोट धरून हसली, मलाही हसू फुटलं. तशी म्हातारी माझ्यावर गरजली, "दात काय काढतोस? टोपड्याची नाडी राहिलीय. ती बांध, आणि चालता हो!"