चमचाभर विरजण

आज सकाळी आमची ही डोंगराच्या पायऱ्या उतरताना दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी, वाटीवर केळीच्या पानाचा तुकडा. आत काय, तर चमचाभर विरजण. आमचं नासलं, म्हणून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, मागायला गेली होती. पूर्वी कुंपणावरून हात पुढे केला की मिळायचं.

सुनामीच्या भीतीने सरकारने सड्यावर जागा दिल्या आणि अख्खी वाडी वर गेली. साहेब कागद घेऊन माझ्याकडेही आला होता. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण सही येते. मुद्दाम केली नाही. म्हटलं, "समुद्राला पाठ दाखवणारा मी नव्हे." ही दारातच उभी होती. तिला साहेबाने विचारलं नाही, मीही नाही.

समुद्र काही आला नाही. माझंच खरं झालं म्हणायचं. पण लाट न येताच शेजार वाहून गेला, त्याचं काय?

ती घराच्या पायरीवर टेकली, गुडघे चोळू लागली.

"सगळ्या विचारत होत्या, तात्यांचा समुद्र बरा आहे ना?" म्हणाली आणि हसली.

मी विचारलं, "वर एखादी जागा उरली असेल का गं?"

"आता कुठली? तेव्हा होती." मग माझ्याकडे बघत राहिली. "अहो, पण आज समुद्राला पाठ करून काय बसलात?"

तिची वाट बघत बसलो होतो, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.