मैदानावरची लावणी

"आता या पोराच्या आईनं एक लावणी करावी!" क्लबाचे अध्यक्ष माइकवर बोलले, आन् सगळं मैदान हसलं.

ओतूरचं मैदान. क्रिकेटची फायनल नुकतीच संपली व्हती. माझ्या सागरनं निम्मी टीम एकट्यानं गारद केली व्हती, आन् जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाल्याचं आत्ताच सांगितलं व्हतं. मी तमाशात नाचणारी बाई. पण त्या दिवशी साधं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन मागं उभी व्हते. नुसती आई म्हणून.

सागरनं स्टेजवरून माझ्याकडं पाहिलं. मान हलवली. नको.

मला वाटलं, नाय म्हणलं तर हे लोक पोराचं नाव कापतील. मी पुढं गेले. पदर खोचला. कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं. ढोलकी नाय, चाळ नाय. नाचले. शिट्ट्या पडल्या. सागर हातात कप घेऊन खाली बघत उभा.

जिल्ह्याकडून तो दोनच मॅच खेळला. बॉल टाकायला पळत निघाला की त्याच्याच टीममधली पोरं तोंडानं ढोलकी वाजवायची. तिसऱ्या मॅचला गेलाच नाय. बूट कुणाला तरी देऊन टाकले. आता नारायणगावात टोमॅटोचे क्रेट गाडीत भरतो.

मी रडले. म्हणलं, "माझ्या धंद्यामुळं झालं रं."

"आये, लोक तिकीट काढून येत्यात तिथं तू नाचतीस, त्याची मला कदी लाज वाटली नाय," तो म्हणला. "पर मैदानावर तू पावणी व्हतीस. मी नको म्हणत व्हतो. तू त्यांचं ऐकलंस."

आजबी टीव्हीवर मॅच लागली की तो उठून भाईर जातो.

औंदा अध्यक्ष आमच्या फडाच्या राहुटीत आले. लोक जत्रेच्या कार्यक्रमाची सुपारी द्यायला येत्यात, तसे. म्हणले, "कपाच्या दिवशी मैदानावर तुझा नाच ठिवू. पोरालाबी परत टीममधी घिऊ."

मी म्हणलं, "पोराला घ्यायचं तर त्याची बॉलिंग बघून घ्या. माझा नाच बघायचा तर तंबूत या. तिकीट काढा, खाली बसा."

"लई माज आला का गं?"

"आला. आन् अहो-जाहो करा."

ते गेले. सागरला सांगितलं. क्रेट भरून आला व्हता, हात धूत म्हणला, "तवा म्हणायचं व्हतंस."

खरंय. पोराचा खेळ माझ्या भेकडपणानं गेला. ते काय आता फिटायचं नाय.

पण फडातल्या समद्या बायांना मी बसवून सांगितलंय. पोराची शाळा असो, लेकीचं लगीन असो, आई म्हणून गेलो तर आई म्हणूनच बसायचं. कितीबी मोठ्या माणसानं नाच म्हणलं, तरी तोंडावर नाय म्हणायचं. सगळ्यांत आदी मी म्हणणार.

फडाच्या मालकानं इचारलं, "आन् सुपाऱ्या तुटल्या तर?"

म्हणलं, तुटू द्या.