फजलभाईंचं पंधराचं ॲव्हरेज

वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर फजलभाई राहायचे. मूळचे उरणकडचे. तुर्भ्याच्या एका साबण कारखान्याची व्हॅन चालवायचे आणि रात्री ती आमच्याच आवारात लावायचे. इंधनाच्या बाबतीत इतके जपून, की फाटकातून वळताच इंजिन बंद. उरलेलं अंतर गाडी आपोआप घरंगळत खिडकीखाली येऊन थांबायची. ते आल्याचं कळायचं ते गाडीच्या दाराच्या आवाजावरून.

त्र्याऐंशी साली कारखान्याच्या शेठनी त्या व्हॅनचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. पेट्रोलवर गाडी लिटरला जेमतेम आठ किलोमीटर द्यायची. "पंधरा देणार, लिहून घ्या," मिस्त्री म्हणाला, आणि सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी बेलापूरपर्यंत नेऊन त्यानं तसं दाखवलंही. शेठच्या डोक्यात पंधरा बसलं ते बसलंच. पण साबणाच्या पेट्या भरून, खाडीपूल चढून, जकात नाक्यावरच्या रांगेत पुढे-पुढे सरकत गाडी चालवली की ती अकराच्या वर जाईना.

आधीच्या ड्रायव्हरला शेठनी पेट्रोल विकतो म्हणून काढलं होतं. फजलभाईंनी ते पाहिलेलं. म्हणून त्यांनी एक केलं. पंधराच्या हिशोबानं लागेल तेवढंच डिझेल कारखान्याच्या खात्यावर घ्यायचं आणि कमी पडेल ते दुसऱ्या पंपावर, स्वतःच्या पगारातून. कागदावर पंधरा येत राहिलं. शेठ खूश.

घरी खदीजाभाभींना सांगितलं, की पगार कापतात. भाभींनी मुलीची शिकवणी बंद केली. "कंपनी बुडायला आलीय वाटतं यांची," त्या मला म्हणायच्या, तांदूळ निवडता निवडता.

मग फजलभाई बहिणीच्या लग्नाला आठवडाभर गावी गेले आणि गाडी कारखान्याच्या बदली ड्रायव्हरकडे, कोपरखैरण्याच्या बंडूकडे गेली. बंडूनं जेवढं लागलं तेवढं घेतलं. ॲव्हरेज अकरा आलं. डिझेल चोरतो म्हणून शेठनी त्याला कारखान्याच्या फाटकातूनच परत पाठवलं.

फजलभाई परतले त्या संध्याकाळी मी भाभींचा डबा द्यायला खाली गेले होते. बंडू दारातच उभा होता.

"तुमच्या हातात पंधरा देते, माज्या हातात अकरा. मी काय डिझेल पितो काय, फजलभाई?"

"आत ये रे बंडू, सरबत घे," भाभी म्हणाल्या.

"नको भाभी. चोराला कोन सरबत पाजते?"

फजलभाई भिंतीकडे बघत होते. "माझ्या हातातपण अकराच देते," ते म्हणाले. "वरचं मी भरतो."

"कुठून?"

"पगारातून."

बंडू हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबला. "येडे हाय काय तुमी? तुमच्या पंधरापायी मी चोर झालो ना!"

भाभी सरबताचा ग्लास घेऊन तशाच उभ्या. "म्हणजे पगार कापत नव्हते?"

"नाही."

त्या आत गेल्या. मी डबा ओट्यावर ठेवला आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी फजलभाईंनी शेठना सगळं सांगितलं. शेठना पटेना. "खिशातून कोण भरतं रे? दोघं मिळालेले आहात."

"तुम्हीच बसा गाडीत," फजलभाई म्हणाले. "आत्ता टाकी काठोकाठ भरू, संध्याकाळी पुन्हा भरू."

शेठ बसले. पेट्यांसकट, नाक्यावर घाम पुसत, दिवसभर. संध्याकाळी पंपावर हिशोब केला तर अकराही पुरतं भरेना. बंडूला परत बोलावलं. फजलभाईंनाही ठेवलं. "वेडा आहेस," एवढंच शेठ म्हणाले. मिस्त्रीला कुणी काही विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. बंडू पुढे फजलभाईंशी कामापुरतंच बोलायचा.

त्या संध्याकाळी व्हॅन फाटकातून वळली ती इंजिन चालू ठेवूनच. खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि धडधडत राहिली. माझ्या फळीवरची भांडी थरथरायला लागली. मी गॅलरीत आले. फजलभाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या कुंपणाकडे बघत बसले होते.

"अहो, बंद करा की ते!" खालून भाभी ओरडल्या. आदल्या संध्याकाळपासून त्या त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"राहू दे," फजलभाई म्हणाले. "आता अकराच लिहायचंय."