खाडीतली नळी, खडकावरचं पान

भोसरीत बसून समुद्री शेवाळाचा डीएनए तपासायचा म्हटल्यावर किस्से साठणारच. समुद्र घाटाखाली, लांब. शेवाळ येतं थर्माकोलच्या डब्यातून, बर्फात. लॅबमध्ये माणसं तीन: सर, पीएच.डी. करणारी मी आणि मदतनीस तानाजीमामा. मामा चऱ्होलीचे, चाकणच्या एका कंपनीतून रिटायर झालेले.

पहिला डबा आला तेव्हा मामांनी वास घेतला आणि म्हणाले, "आमची म्हस बी तोंड लावायची न्हाई." तरी पुढे प्रत्येक डबा उघडायचा मान त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

*

खंडेनवमीला मी डीएनएच्या प्रती काढणारं मशीन लावून जेवायला गेले. परत येते तर मशीन बंद! वर झेंडूचा हार, हळदकुंकू. आज मशीनला सुट्टी असते, कंपनीत आम्ही हेच करायचो, असं मामांनी शांतपणे सांगितलं. माझी दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. सर हसले, मला रडू आलं. पेढा मात्र मी खाल्ला.

*

एकदा मामांचे थोरले भाऊ शेतातली कणसं घेऊन आले. मामा गोरे, पोट सुटलेले. भाऊ उन्हात राबून रापलेले, काटकुळे.

"सख्खे भाऊ? काहीतरीच, मामा!" मी म्हणाले. मामा नुसते हसले.

*

आता माझं दुखणं. खाडीत मला नळीसारखं हिरवं शेवाळ मिळालं होतं. खडकावरच्या पसरट, पानासारख्या शेवाळाशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. नवी जात ठरली असती तर तिला नाव मी दिलं असतं. अख्खा थिसिस त्यावर उभा होता.

रिपोर्ट आला. दोन्हींचा डीएनए सेम टू सेम. खंडेनवमीचा राग मनात होताच. मामांनी दोन्ही ट्यूबमध्ये एकच शेवाळ भरलं असणार, असं मी सरांसमोर बोलून गेले. पुढचा डबा आला, तो मामांनी उघडला नाही.

मग सगळं पुन्हा मी एकटीनं केलं, दार आतून लावून. मामा बाहेर स्टुलावर बसून असायचे. रिपोर्ट तोच आला. जात एकच होती, खाडीच्या पाण्यात तिचं रूप तेवढं बदललं होतं.

थिसिसचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी दार उघडलं आणि म्हणाले, "मामा, तुमची काही चूक नव्हती. ती दोन्ही एकच निघाली."

मामा उठले, मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "ताई, मग आता आमच्या थोरल्याचं बी तपासा की एकदा."